जुन्या चिठ्ठीवरची गोळी

अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्या वृद्धांना वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर मिळत राहणे आम्हाला मान्य नाही. रॉटरडॅमच्या 2024 मधील अभ्यासात या गोळ्यांमुळे स्मृतिभ्रंशाचा धोका एकूणात वाढलेला दिसला नाही, हे खरे. पण स्मरणाशी निगडित मेंदूचा भाग आक्रसण्याशी त्यांचा संबंध त्याच अभ्यासात आढळला. निर्धास्त होण्याजोगे हे नव्हे.

महाडजवळच्या बिरवाडीपासून पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत अनेक घरांत म्हातारी माणसे मागे राहिली आहेत, मुले मुंबईत. 2021 चा महापूर आणि तळिये गावावर कोसळलेली दरड पाहिलेल्यांचा पावसाळी रात्री डोळा लागत नसेल, तर नवल नाही. गोळीने झोप येतेही. मात्र उतारवयात तिचा अंमल लांबतो. सकाळी गुंगी, तोल जाणे, गॅस चालू ठेवून विसरणे. घरचे म्हणतात, वय झाले. गोळीचा दोष असा वयाच्या माथी बसला, की कमी होऊ शकणाऱ्या विसराळूपणाकडेही कोणी लक्ष देत नाही.

या गोळ्या औषध नियमांच्या एच-1 अनुसूचीत आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि दिलेल्या गोळ्यांची स्वतंत्र नोंद 3 वर्षे जपणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. अन्न व औषध प्रशासनाने महाड-पोलादपुरातील या नोंदवह्या उघडून पाहाव्यात. सरकारी दवाखान्यांनी साठीपुढच्या रुग्णांच्या जुन्या चिठ्ठ्या नव्याने तपासाव्यात. गोळी परस्पर, एकदम कोणीही बंद करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती हळूहळू कमी करावी.