शेत एका जागी असावे



माझे मत असे आहे की, प्रत्येकाचे शेत एका जागी असावे. आमच्या घरात हे कोणाला आवडेल की नाही माहीत नाही, पण गुरुजी म्हणाले, स्वतःचे मत लिही.

आजोबांची जमीन साडेसात एकर. नाल्याकाठी काळी ३ एकर, माळावर मुरमाड ३ एकर आणि गावाजवळ दीड एकर. वाटणीच्या वेळी काळी कोणी सोडेना आणि माळ कोणी घेईना. मग तिन्ही शेतांचे तीन-तीन पट्टे पाडले. झाले नऊ तुकडे! आत्याने हक्कसोड लिहून दिली, तिला एक साडी मिळाली. आमच्या वाट्याला काळीत १ एकर, माळावर १ एकर आणि गावाजवळ २० गुंठे आले.

पट्टा लांब पण अरुंद आहे. ट्रॅक्टरवाला म्हणतो, वळवू कुठे? आई काळीत डबा घेऊन जाते, तर वडील माळावर गेलेले असतात. विहीर मोठ्या काकांच्या पट्ट्यात आहे. पाइप लहान काकांच्या कापसातून न्यावा लागतो, ते नको म्हणतात. मागच्या वर्षी नांगरताना बांध सरकला, तेव्हापासून वडील आणि लहान काका बोलत नाहीत. काकांची मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसते. आम्ही शाळेत बोलतो, गल्लीत नाही.

गुरुजींनी सांगितले की, पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास डॉ. हॅरॉल्ड मान यांनी केला होता. तिथे १७७१ साली एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकर झाली. म्हणून १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. सातबाऱ्यावर गट नंबर असतो तो त्यातूनच आला. गट म्हणजे एकत्र ना? पण आमच्या काळीचा गट एक आणि मालक तीन!

आजी मात्र म्हणते, "सगळं एका जागी असलं अन् नाल्याला पूर आला, मग काय खाशील? माळावरची बाजरी तरी राहते." हे मला खोडता आले नाही. आजीचे खरेच आहे. पण पूर एखाद्या वर्षी येतो, भांडण रोज असते.

आता माझे आणि दादाचे. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. दादा चिडवतो, तू पण साडी घे. मी साडी घेणार नाही. पण निम्मे निम्मे केले तर गावाजवळचे १० गुंठेच येतील, आणि २०२३ साली शासनाने जिरायतीला कमीत कमी २० गुंठे ठरवले आहेत. म्हणजे ते वाटताच येणार नाही. मला पट्टा नको, हिस्सा पाहिजे. शेत एकच ठेवून दोघांनी कसावे, उत्पन्न वाटून घ्यावे.

आणि मोठ्यांनी अदलाबदल करावी. काळी पाहिजे त्याने कमी घ्यावी, माळ चालेल त्याने जास्त घ्यावा. विहीर तिघांची, हे कागदावर लिहावे. २०२३ च्या सलोखा योजनेत अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक १००० रुपये आणि नोंदणी १००० रुपये एवढाच खर्च ठेवला. पण ज्यांची शेते १२ वर्षे एकमेकांच्या ताब्यात आहेत त्यांनाच. आम्ही आपापलेच कसतो, म्हणून आम्हाला नाही. जे भाऊ आता राजीखुशीने बदलतील त्यांनाही ती सवलत का देऊ नये?

आखाजीला आत्या येणार आहे. तेव्हा शेते रिकामी असतात आणि तिघे भाऊ आमच्या ओट्यावर बसतात. त्या दिवशी मी हा कागद वाचून दाखवणार आहे. लहान काका यावेळी येतात की नाही, तेवढे बघायचे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी