हवा थंड, तरी उन्हाचा अलर्ट? वेदर ॲपमधला हा आकडा बघता का?

मार्च २०२५ मध्ये केरळच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने यूव्ही इंडेक्सचे अलर्ट दिले. त्या यादीत मुन्नारही होतं. थंड हवेचं ठिकाण आणि उन्हाचा अलर्ट? मला आधी डेटामध्येच बग वाटला!

पण बग आपल्या समजुतीत आहे. ऊन गरम लागतं ते मुख्यतः इन्फ्रारेड आणि दिसणाऱ्या प्रकाशामुळे. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणं, ना दिसतात ना जाणवतात. पण त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे दर १,००० मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं. पातळ ढगही ते पूर्ण अडवत नाहीत.

गेल्या वर्षी महाबळेश्वरला गार वाऱ्यात मी दिवसभर बाईक फिरवली. संध्याकाळी मान लालबुंद! वेदर ॲप तेव्हाही फोनमध्ये होतंच, मी फक्त तापमान बघितलं होतं.

बातम्यांमध्येही चर्चा पाऱ्याचीच असते. ४२ अंश म्हटलं की आपण सावध, २५ म्हटलं की बिनधास्त. म्हणून ॲपमध्ये थोडं खाली स्क्रोल करा आणि ‘यूव्ही इंडेक्स’ शोधा. आकडा ३ किंवा जास्त असेल तर टोपी, गॉगल, सनस्क्रीन. ८ पासून पुढे भर दुपारी शक्यतो सावलीतच थांबा. ११ आणि त्यावर म्हणजे अतितीव्र.

अलर्टची वाट कशाला बघायची? आकडा तर आपल्या खिशातच आहे.