आरशाला जपमाळ, काचेला डिटेक्टर



गेल्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक घोळका जमला होता. विषय होता, गाडीसाठी रडार डिटेक्टर कोणता घ्यावा. एकाचा मेहुणा अमेरिकेहून येणार होता, त्याच्याकडून मागवायचा बेत चालला होता. आम्ही स्वयंसेवक बाजूलाच खुर्च्या उचलत होतो. आम्हालाही विचारलं गेलं, "तुम्ही सारखे गोव्याला ये-जा करता, तुम्हाला ठाऊक असेल." तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. ते चुकलंच. उत्तर आता देतो, आणि ते काहींना कडू लागेल.

आधी यंत्राविषयी, म्हणजे आम्ही काही न समजता बोलतो असं कोणी म्हणायला नको. पोलिसांची रडार गन सूक्ष्म लहरी सोडते. त्या धावत्या गाडीवर आपटून परत येतात आणि परतलेल्या लहरीत पडलेल्या फरकावरून वेग कळतो. डिटेक्टर त्या लहरी दुरूनच ऐकतो आणि किंचाळतो. अमेरिकेत पोलीस मुख्यतः 24 आणि 33 ते 36 गिगाहर्ट्‌झचे पट्टे वापरतात, तिथला डिटेक्टर त्याच मापाने बनतो. तिथेसुद्धा व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन डी. सी.मध्ये तो वापरायला बंदी आहे. आपल्याकडच्या इंटरसेप्टर गाडीत बहुधा लेझर गन असते. तिचा किरण अगदी अरुंद. डिटेक्टर ओरडला म्हणजे किरण तुमच्याच गाडीवर पडला आहे आणि वेग मोजून झाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून मधल्या वेळेवरून सरासरी वेगही काढतात. तिथे यंत्राला ऐकण्यासारखं काही नसतंच. मात्र दुकानाचं आपोआप उघडणारं दार किंवा शेजारच्या नव्या मोटारीतला सेन्सर यांवर ते इमानेइतबारे ओरडत राहतं. म्हणून हुशार मंडळी आता कॅमेऱ्यांची जागा सांगणारं मोबाइल ॲप लावतात. पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

समजा, उद्या एखादं अचूक यंत्र मिळालं. तर आमचा विरोध कमी होत नाही, वाढतो.

निर्गमच्या 21 व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक कोणाला मारलं तर मालकाला दोष नाही. पण बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेलं असेल, तरी त्याने तो बांधून ठेवला नाही आणि माणूस मेला, तर मालकही तितकाच दोषी. फरक फक्त माहीत असण्याचा. आता पाहा, नकळत वेग वाढतो त्याला डिटेक्टर सुचत नाही. आपण मर्यादा मोडतो आणि पुढेही मोडणार आहोत, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तोच त्यावर हजारो रुपये घालतो. आपला बैल मारका असल्याची पावती त्याने स्वतःच फाडलेली असते.

पापनिवेदनाला आपण गुडघे टेकतो तेव्हा पुन्हा न करण्याचा निश्चय करतो. तो नसेल तर बाकीचं सगळं तोंडचं. काचेवरचं यंत्र हा नेमका उलटा निश्चय आहे, आणि तोही चार्जिंगला लावलेला. शिवाय आपल्या चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद 2290 मध्ये, नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं ही गंभीर अपराधाची गोष्ट म्हटली आहे. हौस हा शब्द लक्षात घ्या. तिथे चलनाचा उल्लेखही नाही.

घोळक्यात एक जण म्हणाला, "हे कॅमेरे पैसे उकळायला लावलेत." असतील एखाद्या ठिकाणी. काही ठिकाणचे वेगाचे फलक विचित्र आहेत, हेही आम्हाला मान्य. त्यासाठी अर्ज करा, चलनाला आव्हान द्या, आम्ही सोबत येऊ. पण कॅमेरा लपून बसतो ही तक्रार खरी नाही. 2021 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आहे. त्यानुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक लावावा लागतो. सरकार फुकटात सांगतं आहे तेच आपण अमेरिकेहून मागवतो आहोत. दुसरा म्हणाला, "यंत्र वाजलं की मी वेग कमी करतोच की!" करतो, तेवढ्या दोनशे मीटरपुरता. पौल इफिसकरांस लिहितो त्या सहाव्या अध्यायात धन्याच्या डोळ्यांदेखत चालणाऱ्या चाकरीबद्दल जे म्हटलं आहे, ते या ब्रेकला चपखल बसतं.

आणि हे सगळं किती वेळासाठी? शंभर किलोमीटर अंतर, म्हणजे बेळगावहून जवळजवळ कोल्हापूर. ताशी ऐंशीने 75 मिनिटं, शंभरने 60. वाचली पंधरा मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. उलट बाजू बघा. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर साठच्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण 45 मीटरवर थांबते. शंभरच्या वेगात तिला 95 मीटरच्या वर लागतात. 2022 मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेग आहे. हा केंद्र सरकारचा अहवाल आहे, आमचा अंदाज नव्हे.

येहूची गाडी हाकण्याची पद्धत इतकी बेफाम होती, की बुरुजावरच्या पहारेकऱ्याने दुरूनच ओळखलं, हा तोच (2 राजे, अध्याय 9). आपल्या धर्मग्रामातही दोन-तीन येहू आहेत, नावं सगळ्यांना माहीत आहेत.

स्वतःला वगळून आम्ही हे लिहीत नाही. ओल्ड गोव्याहून परतताना आमच्याच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ते ॲप चालू असायचं. "पुढे कॅमेरा" म्हटलं की चालक वेग उतरवायचा, पार झालं की पुन्हा चढवायचा, आणि मागे आम्ही जपमाळेचं पुढचं दशक सुरू करायचो. कोणालाही काही खटकलं नाही.

खटकलं ते दोन वर्षांपूर्वी. संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनासाठी आपली पदयात्रा चोर्ला घाटातून चालली होती. पहाटेचे साडेचार, कणकुंबीच्या पुढे दोन्हीकडे रान, रस्त्याला कडेची पट्टी म्हणावी तर नाहीच. मागून आलेल्या मोटारीचा आरसा एका मावशींच्या पिशवीला लागला. त्या पडल्या, मनगट मोडलं. चार बोटं इकडे असती तर आम्ही त्यांना उचलायला नव्हे, झाकायला धावलो असतो. मोटारवाला थांबला, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तोही नोव्हेनालाच निघाला होता, शेजारच्या धर्मग्रामातला. हात थरथरत होते, पुन्हा पुन्हा एकच बोलत होता, "काही वाजलं नाही हो." आम्हाला आधी कळेना, काय वाजायचं होतं. मग टॉर्चच्या उजेडात दिसलं. आरशाला जपमाळ, काचेला ते यंत्र, त्याचा हिरवा दिवा शांत.

कसं वाजणार? अनवाणी चालणारी बाई कसल्याही लहरी सोडत नाही. मावशींनी त्याला तिथेच क्षमा केली, उरलेली वाट गळ्यात हात बांधून चालल्या, डॉक्टरांनी नको म्हटलं तरी. आम्हाला मात्र ते वाक्य अजून ऐकू येतं.

म्हणून, कोणता घ्यावा या प्रश्नाला आमचं उत्तर : कोणताच नाही. घेतलेला असेल तर काढा. मेहुण्याला आजच फोन करा, त्याच्या बॅगेतली जागा दुसऱ्या कशाला तरी होईल.

यंदाची पदयात्रा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघेल. सगळ्यांच्या पाठीवर लावायला चकाकणारी पट्टी हवी आहे. शिवाय रांगेच्या मागे पिवळा दिवा लावून माणसाच्या चालीने, ताशी चार-पाच किलोमीटरने, रात्रभर गाडी चालवणारे तीन जण हवे आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी नावं द्यावीत. त्या घोळक्यातल्या मंडळींनी आधी द्यावीत, अशी आमची इच्छा आहे.