गिटार : स्वस्त की नुसती कमी किमतीची?

परीक्षा आटोपल्या की पोरांना नवे छंद सुचतात, आणि त्यात अलीकडे गिटारचा नंबर बराच वर आहे. आमच्या ओळखीच्या व्यापारी घरांतही हा हट्ट पोचला आहे. वाद्य घरात असावे की नसावे, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. आम्ही त्यात पडत नाही. परंतु पैसे खर्च करायचे एकदा ठरले की तो सौदा झाला, आणि सौद्यात आपल्या माणसाने फसू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. शिवाय या सौद्यात आपल्या कारागिरांसाठी एक काम दडलेले आहे. त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

बाजारात दोन-तीन हजारांना गिटार मिळते. लाल, निळी, काळी, आरशासारखी चकाकणारी. सोबत पिशवी, पट्टा, तारांचा जादा संच, वाजवायच्या प्लास्टिकच्या चकत्या आणि शिकण्याचे पुस्तक, सगळे 'फुकट'. कापडाच्या धंद्यात ज्यांचे केस पांढरे झाले त्यांना हा प्रकार नवा नाही. भरपूर खळ दिलेले कापड दुकानात कडक आणि भारदस्त दिसते, पहिल्या धुण्यात त्याचे फडके होते. गिटारची चकाकी ही तशीच खळ समजावी. फुकट मिळालेल्या पिशवीचे पैसे कुठून तरी वसूल झालेले असतातच. ते कुठून, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या समजुतीप्रमाणे ते लाकडातून फार थोडे आणि कारागिराच्या शेवटच्या तासातून जास्त वसूल होतात. गिटारचा सांगाडा यंत्रावर झटपट तयार होतो. पण तारा कोणत्या उंचीवर बसवायच्या, ज्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना दुकानदार फ्रेट म्हणतात आणि सतारवाले पडदे म्हणतात त्या सगळ्या एका पातळीत घासायच्या, त्यांची टोके बोथट करायची, मान सरळ आहे की नाही ते पाहायचे, हे काम माणसाच्या हाताचे आणि नजरेचे. स्वस्त मालात हाच तास कापलेला असतो. पोलादी तारांच्या गिटारवर सहाही तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. तारा गरजेपेक्षा वर राहिल्या तर एवढ्या ताणाविरुद्ध कोवळे बोट दाबावे लागते. पोरगे आठ दिवस दाबते, बोटांना वळ उठतात, सूर तरी बेसूरच निघतो, आणि मग गिटार कपाटावर जाते. अडीच हजार गेले याचे दुःख आम्हाला कमी आहे. त्या पोराच्या मनात बसते की आपल्याला हे जमत नाही, आणि घरचेही म्हणतात, बघ, तुझी धरसोडच! वास्तविक दोष मालाचा, आणि शिक्षा गिऱ्हाइकाला.

तेव्हा दुकानात जाताना खिशात मिलिमीटरची पट्टी न्यावी. मानेवरचा बारावा पडदा मोजावा. तिथे बहुधा दोन ठिपके असतात. पडद्याच्या माथ्यापासून जाड तारेच्या तळापर्यंत अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असले, म्हणजे नवशिक्याला ते वाद्य साजेल. साडेतीनच्या वर असेल तर दुकानदाराला सांगावे, आधी हे उतरवून द्या, मग बोलू. मान तपासायची तर जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे पेटीला मिळते तिथल्या पडद्यावर एकदम दाबावी. मध्यावर तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. फट फार मोठी दिसली तर मान वाकली आहे असे समजावे. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती पान्याने फिरवून हा दोष काढता येतो. अगदी हलक्या मालात मात्र सळई नसते, किंवा असून नसल्यासारखी असते, म्हणून ती फिरते का हे विचारून घ्यावे. नंतर मानेच्या कडेवरून तळवा फिरवावा. ताक्यावर हात फिरवून गाठ शोधण्याची आपल्याला सवय आहेच; इथे पडद्यांची टोके हाताला खरचटता कामा नयेत.

सुराचे ज्ञान नसले तरी अडत नाही. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या आणि सरगमशी संबंध न आलेल्या माणसालाही मोबाईलवरचे ट्यूनरचे फुकट ॲप वाचता येते. मोकळी तार जुळवून घ्यावी, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही वेळा तेच अक्षर यावे आणि काटा मधोमध राहावा. काटा बराच सरकला तर ते वाद्य कितीही जुळवले तरी वरच्या पडद्यांवर बेसूरच राहील. सगळ्या तारा सगळ्या पडद्यांवर एकेकदा वाजवून झणझण कुठे येते तेही ऐकावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा. आपण नाही का बायाबापड्यांना चाळीस साड्या उलगडून दाखवत!

आता लाकूड. यात शब्दांचा खेळ फार आहे. लेबलावर 'स्प्रूस टॉप' लिहिले म्हणजे वरची फळी सबंध स्प्रूसची, असा समज होतो. तसे नव्हे. 'सॉलिड' हा शब्द नसेल तर ते बहुतेक प्लायवूड, वर स्प्रूसचा पातळ पापुद्रा. आपल्याकडे 'आर्ट सिल्क' म्हणून रेयॉन खपवले जाते, त्यातलाच हा प्रकार. पेटीच्या गोल भोकाची कड पाहावी. वरच्या रेषा कडेतूनही खाली गेलेल्या दिसल्या तर लाकूड सबंध, थर दिसले तर प्लाय. पण पहिल्या गिटारला प्लाय असले म्हणून काही बिघडत नाही, उलट आम्ही ते पसंत करू. सुताला हवेतला ओलावा कसा लागतो हे आपण जाणतो. कापसाच्या मालात साडेआठ टक्के ओलावा तर हिशेबातच धरला जातो. लाकडाचीही तीच तऱ्हा. पावसाळ्यात सबंध लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसून चिरू शकते. प्लाय या बाबतीत सोशीक. नवशिक्याने सबंध लाकडाचे पैसे भरू नयेत, तेच पैसे तारांची उंची नीट करून घेण्यावर घालावेत.

किमतीचे म्हणाल तर यामाहाची एफ-२८० किंवा एफ-३१० यांसारखी गिटार दहा हजारांच्या आत-बाहेर मिळते आणि कारखान्यातूनच बऱ्यापैकी सरळ येते. एवढे जमत नसेल तर आमचा सल्ला असा : दोन-तीन हजारांची नवी घेण्यापेक्षा चांगल्या नावाची वापरलेली घ्यावी. हौस फिटून वर्षभर खुंटीला टांगलेल्या गिटारी शहरात भरपूर आहेत. वरच्याच कसोट्या लावाव्यात. शिवाय तारा जिथे बांधतात ती पट्टी पेटीवरून उचकटली तर नाही ना, हे पाहावे. तिच्याखाली कागद सरकला तर सौदा सोडावा. तारांचा नवा संच काही शेकड्यांत येतो.

लहान मुलांसाठी नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना मऊ पडते. मात्र तिची मान रुंद, सुमारे बावन्न मिलिमीटर; पोलादी तारांच्या गिटारची त्रेचाळीसच्या आसपास. आखूड बोटांना ती रुंदी जड जाते, म्हणून मुलाच्या हातात देऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा कदापि चढवू नयेत, तो ताण तिला सोसत नाही.

आता कारागिरांच्या कामाबद्दल. साडी घेणारी बाई फॉल-पिकोचे पैसे वेगळे देते आणि कुरकुर करीत नाही, कारण त्याशिवाय साडी नेसण्याजोगी होत नाही हे तिला पटलेले असते. गिटारचे सेटिंग म्हणजे फॉल-पिकोच होय. पण फार थोडे दुकानदार ते करून देतात, कारण करणारा हात जवळ नसतो. हा हात आपल्याकडे आहे. मिरजेत सतारमेकर घराणी दीडशेहून अधिक वर्षे तंतुवाद्ये घडवीत आली आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हा हुनर उचलला आणि देशभर नाव कमावले. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जो कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो, केसाएवढा फरक नजरेने ओळखतो, त्याला गिटारच्या हाडाच्या पट्टीतून अर्धा मिलिमीटर उतरवणे जड नाही.

यावर मिरजेचे उस्ताद म्हणतील, सतारीचे पडदे बांधलेले, सरकणारे. गिटारचे लाकडात ठोकलेले, ते काम निराळे. बरोबर आहे. ते शिकावे लागेल, त्याची हत्यारेही वेगळी. पण तरण्या पोरांना ते काही महिन्यांत हाताला येण्याजोगे आहे, आणि सतार सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सतारीचे गिऱ्हाईक वर्षातून मोजके येते. गिटारची दुकाने कोल्हापूर, सांगली, सोलापुरात आहेत, पुण्या-मुंबईत तर विचारूच नका. प्रत्येक नगामागे काही शे रुपये हातमजुरी मिळाली तरी रिकाम्या महिन्यांत चूल पेटती राहते.

दुकानदारांनी सुरुवात करायला हरकत नाही. आठवड्यातून एक दिवस असा कारागीर दुकानात बसवावा. बिलावर गिटारच्या किमतीखाली 'सेटिंग' अशी वेगळी ओळ लिहावी आणि तिचे पैसे उघडपणे घ्यावेत. हे कशाचे, असे गिऱ्हाइकाने विचारले तर सेटिंग न केलेली एक आणि केलेली एक, अशा दोन गिटारी त्याच्यापुढे ठेवून बाराव्या पडद्याशी पट्टी धरून दाखवावी.