पुड्यावरील हिशेब

लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. तेथे शेतकऱ्याच्या मालातील ओलावा पाहिल्यावाचून भाव ठरत नाही. मात्र त्याच शेतकऱ्याचा मुलगा शिकवणी वर्गासाठी लातुरात वा नांदेडात राहून वेफर्सचा पुडा विकत घेतो, तेव्हा त्यात मेद किती, याची चौकशी कोणी करीत नाही.

वास्तविक हे आकडे वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी दिवसाकाठी २००० कॅलरी, ६७ ग्रॅम एकूण मेद आणि २२ ग्रॅम संपृक्त मेद हे प्रमाण गृहीत धरले आहे. समजा, ५० ग्रॅमच्या पुड्यात शेकडा ३५ ग्रॅम मेद आहे. एका वेळचे खाणे २० ग्रॅम मानले, की दैनिक प्रमाणाच्या दहा टक्के एवढाच सौम्य आकडा छापता येतो. पुडा मात्र एकाच बैठकीत संपतो आणि दिवसाच्या मेदाचा चौथा हिस्सा पोटात जातो!

हे गणित अवघड नाही. अवघड आहे ते अक्षर आणि भाषा. इंग्रजी वा हिंदी मजकूर नियमास पुरेसा ठरतो. मराठी ऐच्छिकच राहते. चिली देशाने २०१६ पासून अतिरिक्त संपृक्त मेदाच्या पदार्थांवर दर्शनी काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली. तसा उपाय येथे अशक्य का मानावा? शेतकऱ्याच्या मालाची कसून परीक्षा घेणाऱ्या समाजाने कारखानदाराच्या मालाचीही तशीच परीक्षा घ्यावयास नको काय?