सोपे इंग्रजी हा कमीपणा नव्हे

आमच्या ओळखीतील कितीतरी तरुण-तरुणी आज संगणक कंपन्यांत आणि कारखान्यांत काम करतात. कामात ते कोणाला हार जात नाहीत. पण त्याच कामाचे मॅन्युअल इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्यांचा हात थांबतो. 'आमचे शिक्षण मराठीत झाले, आम्हाला कसे जमणार?' असे म्हणून ते काम दुसऱ्याकडे जाते आणि त्याबरोबर श्रेयही जाते.

ही भीती आम्ही ओळखतो. वकिलीच्या सुरुवातीला आम्हीही अर्ध्या पानाचे एकेक वाक्य लिहीत होतो. न समजणाऱ्या भाषेलाच आम्ही विद्वत्ता मानत होतो.

विमान उद्योगाने मात्र उलटा रस्ता धरला. विमानाच्या देखभालीची मॅन्युअले बहुधा इंग्रजीत असतात, पण ती वाचणाऱ्या असंख्य मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नसते. वाक्याचा अर्थ चुकला तर दुरुस्ती चुकते आणि माणसांचे प्राण धोक्यात येतात. म्हणून युरोपातील विमान उद्योगाच्या संघटनेने १९८६ साली सोप्या इंग्रजीची मार्गदर्शिका काढली. आज तिला 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' म्हणतात. तिचे नियम काय सांगतात? कृतीचे वाक्य २० शब्दांच्या आत ठेवा, वर्णनाचे २५ च्या आत. एका वाक्यात शक्यतो एकच सूचना द्या. काय करायचे ते थेट आज्ञार्थी सांगा. एका शब्दाला एकच अर्थ ठेवा. 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणे. सूचना पाळायची असेल तर 'ओबे' लिहा.

यातला कोणता नियम इंग्रजी बोलणाऱ्या घरात जन्मल्याशिवाय शिकता येत नाही? एकही नाही! उलट, वाचणारा कोठे अडखळेल हे जो स्वतः अडखळला आहे त्यालाच लवकर कळते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: वाक्य लांबले तर तोडा. एकाच भागाला एका पानावर 'बटन' आणि दुसऱ्यावर 'स्विच' म्हणू नका. लिहून झाले की ते काम कधी न केलेल्या सहकाऱ्याच्या हाती कागद द्या आणि गप्प बसून पाहा. तो जेथे अडेल तेथे दोष त्याचा नाही, वाक्याचा आहे. व्याकरण दुसऱ्याकडून तपासून घ्या, त्यात लाज कसली? पण लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका. ज्याला काम येते, त्यानेच ते लिहिले पाहिजे.