गळा उसना घेताना

१९८०च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने नोएडातून स्वस्त कॅसेटींचा जो व्यवसाय उभारला, त्यात जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्यांचा वाटा मोठा होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून, तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची मुभा होती. गाणे तेच, गळा नवा. लो-फाय बीट करणारे आपण नेमके उलटे करतो. जुन्या रॅपचा गळा तसाच ठेवतो आणि त्याखाली सोल रेकॉर्डवरचा पियानो, किंचित मागे रेंगाळणारा ड्रम आणि टेपची खरखर घालतो. कव्हर आवृत्तीची मुभा इथे लागू पडत नाही, कारण आपण प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणच उचलतो. म्हणून परवानगी आणि नामोल्लेख यांशिवाय असे रीमिक्स प्रसिद्ध करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८-बी आले. आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे, आणि मोडतोडीने प्रतिष्ठेला बाधा येत असेल तर हरकत घेता यावी, हे दोन्ही हक्क कलावंताला मिळाले. यामागचे कारण कानालाही पटते. ९५ बीपीएमचा मराठी व्होकल ७५वर ताणून पाहा: ‘ट’, ‘ठ’, ‘च’ यांचे आघात पसरतात, दोन ओळींमधला श्वास लांबतो आणि संतापून म्हटलेली ओळ आळसावते. ‘स्वदेसी’ या रॅप-समूहाने प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेले ‘द वारली रिव्हॉल्ट’ आदिवासींच्या जमिनीविषयी आहे. असा आवाज झोपेच्या प्लेलिस्टमध्ये ढकलायचा की नाही, हे गाणाऱ्यांनी ठरवायचे असते.

यावर सांगितले जाते की यातून पैसा मिळत नाही, उलट मूळ गाण्याला नवे श्रोते मिळतात. पण नावच दिले नाही, तर श्रोता मूळ गाण्यापर्यंत पोहोचणार कसा? मालक सापडत नसेल तर ते काम सराव म्हणून स्वतःजवळ ठेवावे. अधिक वजनदार आक्षेप असा, की न विचारता घेण्यातूनच हिप-हॉप जन्मले. ते खरे आहे. तरीही विचारून केलेले काम फिके पडत नाही. ब्लू नोट या जॅझ लेबलने स्वतःचा संग्रह बीट-निर्माता मॅडलिबसाठी खुला केला आणि २००३मध्ये ‘शेड्स ऑफ ब्लू’ हा अल्बम आला. २००४च्या ‘द ग्रे अल्बम’मध्ये डेंजर माउसने वापरलेला जे-झीचा आवाज अकापेला, म्हणजे नुसत्या आवाजाचा ट्रॅक, म्हणून अधिकृतपणेच बाजारात आला होता, अल्बम अडला तो बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांवरून, ईएमआयच्या नोटिशीमुळे.

यातून दोन्ही बाजूंना काम निघते. मराठी रॅपरांनी गाण्यासोबत अकापेलाही द्यावा. टेम्पो, स्केल आणि वापराच्या अटी त्यासोबत लिहाव्यात. बीट करणाऱ्यांनी रॅपर, गीतकार आणि मूळ निर्माता यांची नावे शीर्षकातच घालावीत आणि प्रसिद्धीआधी मिक्स त्यांना ऐकवावा. इतकी शिस्त पाळली, तर जुना आवाज नव्या बीटवर येताना त्याच्या मालकाचा मानही सोबत येईल.